नव्याचे पैसे घेणाऱ्या मीनाताई

फोन उचलला की मीनाताई बागूल ‘हॅलो’ म्हणायच्या नाहीत. पहिला प्रश्न एकच, “चुकलंय, की नवीन हवंय?” चुकलं असेल तर हातातलं काम बाजूला ठेवून दुरुस्त करून द्यायच्या, एक पैसा न घेता. नवीन काही हवं असेल तर शांतपणे सांगायच्या, “ते पुढच्या आवृत्तीत येईल. तिचे पैसे पडतील.”

माझं पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाउस आहे. कोणत्या बागेतला माल कोणत्या पेटीत गेला याची नोंद ठेवणारं आणि पेट्यांची लेबलं छापणारं आमचं सॉफ्टवेअर ताईंनी केलेलं. नाशकात घराच्या मागच्या खोलीत बसून त्या एकट्याच ते लिहायच्या. ना कंपनी, ना हाताखाली माणसं. तरी आमच्यासारखी बरीच पॅकहाउसं त्यांच्या भरवशावर चालायची.

नवी आवृत्ती निघाली की माझं डोकं फिरायचं. एकदा विकत घेतलं ना, मग पुन्हा पैसे कसले? आमच्याकडे अशा वेळी एक्स्पोर्टच्या मालातली एक पेटी घरपोच केली की विषय मिटतो. मीही पेटी घेऊन गेलो. ताईंनी चहा केला, द्राक्षं धुऊन बशीत घालून माझ्याचपुढे ठेवली, गोड आहेत म्हणाल्या आणि निघताना बिल हातात दिलं. मी चिडलोच. तेव्हा त्या म्हणाल्या,

“नाना, जुन्यांना सगळं फुकट दिलं तर माझं पोट नव्या गिऱ्हाइकांवर. मग मी रोज नवीन माणूस शोधत हिंडणार. तुमचा फोन कोण उचलणार? तुम्ही पैसे देता म्हणून मला तुमचंच काम करत बसता येतं. नको असेल तर घेऊ नका. जुनं काही बंद पडणार नाही.”

पटलं, पण खिशात हात गेला नाही. मुळातच चिक्कू माणूस मी.

पुढच्या हंगामात परदेशातल्या गिऱ्हाइकाने लेबलवर बागेचा नंबर मागितला. माझ्या जुन्या आवृत्तीत ती सोय नव्हती. मग मी शहाणपणा केला. दिंडोरीच्या मेहुण्याने नवी आवृत्ती घेतली होती, ती त्याच्या कॉम्प्युटरवरून उचलून आणली आणि झोकात लेबलं छापली. कंटेनर दारात लागला तेव्हा पेट्या रचणारी हिराबाई म्हणाली, “नाना, ह्यो नंबर आपला नाय.” बघतो तर प्रत्येक पेटीवर मेहुण्याच्या पॅकहाउसचा नोंदणी क्रमांक! आवृत्ती त्याच्या नावाची, मग नंबरही त्याचाच. तसाच माल गेला असता तर बंदरावर अडकला असता आणि माझ्याबरोबर त्या बिचाऱ्याचंही नाव खराब झालं असतं.

लाज गिळून ताईंना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी घरबसल्या माझ्या कॉम्प्युटरवर माझ्या नावाची नवी आवृत्ती चढवली. बायका नवी लेबलं चिकटवत होत्या तोवर फोन चालूच ठेवला. एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. मीच म्हणालो, ताई, दंड लावून बिल पाठवा. तर म्हणाल्या, “दंड कसला? जे सगळ्यांना, तेच तुम्हाला.”

तेव्हापासून आवृत्ती आली की पहिले पैसे माझे. एवढंच काय, कुरकुरणाऱ्या दुसऱ्या पॅकहाउसवाल्यांना मीच झापायचो.

गेल्या पावसाळ्यात नवी आवृत्ती आली, सोबत बिल नव्हतं. विसरल्या असतील म्हणून मी फोन केला. ताई म्हणाल्या, “नाना, या वेळचे घेणार नाही. पैसे घेतले की पुढचे फोन उचलावे लागतात. डॉक्टर म्हणतात, तेवढं जमायचं नाही.”

ज्या फुकटासाठी मी इतकी भांडणं केली, ते असं पदरात पडलं. नको होतं मला ते. मी हट्टाने पैसे पाठवले. त्यांनी त्याच दिवशी परत केले.

दिवाळीच्या आधी ताई गेल्या.