वॉल्व्हवरचा माणूस

टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नसलं की साधी लांबी मोजणंही अवघड होतं. मी ते टोक विटेखाली दाबायचो आणि मोजत पुढं जायचो. चार पावलांवर वीट कलंडायची आणि टेप सर्रकन येऊन माझ्या बोटांवर आपटायचा. अंगणात ट्रॉली बांधायला घेतली त्या पहिल्याच दिवशी मी विटेला शिव्या घातल्या. वीट काही बोलली नाही. एवढं ऐकून घेणारं त्या घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतंच.

शेंद्र्याच्या एका कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सला होतो. पंप, पाईप, वॉल्व्ह, दुसरं काही मला येत नाही. कंपनीनं आमची लाइन बंद केली आणि चोपन्नाव्या वर्षी मी घरी बसलो. घरी बसणं हा माझा पिंड नाही. दिवसभर मोबाईल चाळता चाळता एकदा एका परदेशी माणसाचा व्हिडिओ दिसला. तो भिंतीवरचं काळं शेवाळ धूत होता, पण जोरात पाणी मारून नाही. जोराच्या पाण्यानं रंगाचे पापुद्रे निघतात, प्लॅस्टर फुगतं. तो आधी फवारणीच्या पंपासारख्या हलक्या पंपानं भिंतीवर ब्लीच आणि साबणाचं औषध मारत होता. दहा-पंधरा मिनिटं थांबून मग साध्या पाण्यानं भिंत धुऊन काढत होता. सॉफ्ट वॉशिंग म्हणतात त्याला. पाऊस संपला की आपल्याकडं निम्म्या इमारतींच्या तोंडाला काळं फासलेलं असतं, म्हणजे काम भरपूर. जीपमागं ओढायची एक दोनचाकी ट्रॉली, तिच्यावर पाण्याची टाकी, औषधाचा ड्रम, पंप, बॅटरी आणि शंभर फूट पाईप. एवढं जमलं की धंदा उभा.

शेजारच्यांनी गेटवर उभं राहून ऐकवलंच, "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय अन् हे भिंतीला आंघोळ घालायला निघाले!" या पद्धतीत पाणी कमी लागतं हे मी त्यांना समजावायला गेलो आणि समजावता समजावता माझा आवाज चढला. त्यांनी गेटवर उभं राहणंच सोडलं.

आवाज चढणं ही माझी जुनी खोड आहे. कंपनीत मशीनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागायचं, असं मी सांगत आलो. खरं सांगायचं तर बायकोशी बोलताना कुठलं मशीन चालू नसायचं. घरात काही दुरुस्त करायचं असलं की बॅटरी तिनं धरायची हे ठरलेलं. मी सिंकखाली आडवा, ती वर बॅटरी घेऊन उभी. "इकडं धर! तिकडं नाय, इकडं! डोळे फुटले का?" तिनं बॅटरी कशीही धरली तरी उजेड माझ्या मनासारखा पडायचा नाही. एकदा तिनं शांतपणे बॅटरी फरशीवर ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या मनात काय हाय ते मला कसं कळावं? एकदा सांगून तरी बघा." त्यावरही मी ओरडलोच असेन. काय ओरडलो ते आता आठवत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लेकीच्या बाळंतपणासाठी ती पुण्याला गेली. सव्वा महिन्यासाठी गेली होती. मग बाळ लहान आहे, मग लेकीची नोकरी सुरू झाली, मग बाळाला पाळणाघरात करमत नाही. बाळ पालथं पडलं, बसलं, चालायला लागलं, सगळं मी फोनवर पाहिलं. असे चौदा महिने गेले. आमचं भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं.

ट्रॉलीचं वेल्डिंग मी शेंद्र्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून करून घेतलं. आराखडा माझा होता, पाच वेळा खोडून काढलेला. टाकी मी आसाच्या मागं घेतली होती, कारण पुढं पंप आणि ड्रम ऐसपैस बसत होते. मिस्त्रीनं कागदाकडं पाहिलंही नाही. जमिनीवर काडीनं दोन रेघा मारल्या आणि म्हणाला, "सायेब, असं केलं तर गाडी उलाळ व्हईल." बैलगाडीत मागच्या अंगाला ओझं जास्त झालं की धुरा वर उचलते, त्याला उलाळ म्हणतात. मी म्हणालो, "बाबा, ही बैलगाडी नाय. अठ्ठावीस वर्षं हेच केलंय मी." तो "बरं" म्हणाला आणि सांगितलं तसं वेल्डिंग करून दिलं.

अंगणात टाकी भरली. पाचशे लिटर पाणी. ट्रॉली जीपपासून सोडवायला कडी काढली मात्र, पुढचा दांडा फाडकन वर आला. माझ्या हनुवटीच्या चार बोटं पुढून गेला. ट्रॉली मागं ढुंगणावर बसली आणि ड्रम घरंगळत गेटपर्यंत गेला. मी मटकन खाली बसलो. थोड्या वेळानं मला हसू यायला लागलं. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर कंपनीत महिनाभर आम्ही त्याला उलाळ म्हणूनच हाक मारली असती. मी एकटाच हसत होतो, आणि एकट्यानं मोठ्यानं हसणं ऐकायला बरं वाटत नाही. तिनं हे पाहिलं असतं तर तोंडाला पदर लावून आत पळाली असती आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं असतं. तेवढंही मला चाललं असतं.

टाकी आसाच्या जरा पुढं घेतली. मिस्त्रीनं पुन्हा वेल्डिंग केलं, पण "मी सांगितलं होतं" असं काही तो म्हणाला नाही. शहागंजच्या बाजारातून क्लॅम्प, पाईप, गाळणी आणली. पंप बसला, पाईप गुंडाळायचं चाक बसलं. ट्रॉलीच्या डाव्या अंगाला मी एक पितळी वॉल्व्ह बसवला. दांडी एकीकडं केली की औषध, दुसरीकडं केली की साधं पाणी, मधोमध ठेवली की बंद. म्हणजे एक माणूस भिंतीशी पाईप घेऊन आणि एक माणूस वॉल्व्हपाशी. मी हाक मारायची आणि त्यानं दांडी फिरवायची.

तो माणूसच मला टिकवता येईना. पहिला आमच्याच कंपनीतून कमी केलेला, तिशीतला गडी. आठ दिवस राहिला. मी शिडीवरून "पाणी! पाणी म्हटलं ना!" असं ओरडलो, तर त्यानं दांडी बंद केली, हात पुसले आणि म्हणाला, "काका, शिव्या खायला घरी बाप हाय माझा." दुसरा जेवायला म्हणून गेला, तो त्याचं जेवण अजून चालूच आहे.

हे मी रोजच्या फोनवर बायकोला सांगायचो. सांगायला दुसरं होतं काय? एकदा ती म्हणाली, "दांडीच फिरवायची ना? त्याला असं काय लागतं? मला बी जमंल."

मी हसलो. "अगं, तो काय कुकर हाय का, शिट्ट्या मोजून बंद करायला?"

ती म्हणाली, "व्हय, ते बी खरंच." आणि बाळानं आज काय खाल्लं ते सांगायला लागली.

मी मात्र ईर्ष्येला पेटलो होतो. माणूस टिकत नाही काय, तर माणूस लागणारच नाही असं करून दाखवतो! पितळी वॉल्व्ह काढून टाकला आणि त्या जागी विजेवर उघडणारे दोन वॉल्व्ह आत, ड्रमच्या मागं बसवले. दुकानाच्या शटरला असतो तसला रिमोट आणला. एक बटण औषधाचं, एक पाण्याचं. पाईप कोपऱ्याला अडकू नये म्हणून दोन लोखंडी रुळ लावले. रिमोट दोरीनं गळ्यात अडकवला. बाहेर जुना वॉल्व्ह होता तिथं दोन भोकं राहिली, ती टोप्या ठोकून बुजवली. पहिल्यांदा भिंतीशी उभं राहून बटण दाबलं आणि तीस पावलांवरचा पंप चालू झाला तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. सगळी कॉलनी ते पाहून गेली. काम एकदाही न ओरडता झालं.

त्याच महिन्यात ती आली. मी बोलावलं नव्हतं. "उद्या येते," एवढंच फोनवर म्हणाली. क्रांती चौकात तिला घ्यायला गेलो. बसमधून बॅग उतरवताना माझा खांदा निखळायचा राहिला.

"काय दगड भरलेत काय?"

"हाय जरा सामान," ती म्हणाली.

मी दाढी केली होती. घर झाडून घेतलं होतं. तिनं स्वयंपाकघरात डबे उघडून पाहिले आणि ओट्यावरून हात फिरवला. मी दारात उभा राहिलो. चौदा महिन्यांनी घरात दुसऱ्या माणसाची बांगडी वाजत होती, आणि ते किती बरं वाटतंय हे तिला सांगायचं सोडून मी म्हणालो, "चल, तुला ट्रॉली दाखवतो."

ती चपला घालून अंगणात आली. ट्रॉलीभोवती सावकाश फिरली. मी फोनवर सांगितलेलं सगळं तिच्या लक्षात होतं. हा पंप, ही बॅटरी, हा ड्रम, असं बोटानं दाखवत ती डाव्या अंगाला आली आणि थांबली. बुजवलेल्या टोप्यांवर हात ठेवून म्हणाली, "इथं दांडी होती ना?"

"होती. काढून टाकली." मी गळ्यातला रिमोट उचलून दाखवला, कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो आणि बटण दाबलं. औषध. दुसरं बटण. पाणी. "बघ! आता कुणाची गरजच नाय."

तिनं टोप्यांवरचा हात काढून घेतला. "लई भारी झालंय," ती म्हणाली. "बरं केलं."

हे कौतुक मी दोन दिवस गोंजारत बसलो. तिसऱ्या दिवशी ती बुद्धविहारात जाऊन आली, ओळखीच्या बायकांना भेटली. चौथ्या दिवशी म्हणाली, "बाळ रात्री लई रडतं म्हणे. जाते." मी थांब म्हणालो नाही. बाळाच्या आड यावं असं वाटलं नाही. क्रांती चौकात बॅग चढवताना ती आणताना होती तेवढीच जड लागली. मी गमतीनं म्हणालोही, "आणलं तसंच नेतेस की सगळं!" ती खिडकीतून हसली.

पाच-सहा दिवसांनी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "पप्पा, आईचे गमबूट परत का आले? बसले नाहीत का? मी बदलून देते म्हटलं, तर राहू दे म्हणते."

"कसले गमबूट?"

"अहो, तुमच्या त्या धुण्याच्या कामासाठी. मापाचे मिळेनात म्हणून मी ऑनलाइन मागवले. दोन ड्रेस पण शिवून घेतले तिनं. साडीवर पाण्याचं काम होत नाही म्हणाली. आणि पांढरेच शिवायचे म्हणून हटून बसली, ब्लीच उडालं तरी डाग दिसू नये म्हणून. तुम्हाला दाखवले नाहीत?"

माझ्या बायकोनं आयुष्यात कधी साडी सोडून दुसरं काही अंगावर घातलेलं नाही. शिंप्याकडं जाऊन तिनं माप दिलं असेल. ब्लीचचा विचार मी माझ्या कपड्यांसाठीही केला नव्हता, माझे सगळे पँट-शर्ट ठिपक्याठिपक्यांचे झालेत. तो विचार तिनं पुण्यात बसून केला होता. ते सगळं बॅगेत घालून ती माझ्याकडं आली, आणि मी तिला दोन टोप्या दाखवल्या. लेक फोनवर "हॅलो, हॅलो" करत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी टोप्या ठोकून काढल्या. पितळी वॉल्व्ह भंगाराच्या पेटीत होता, तो चिंचेनं घासला आणि जुन्याच जागी बसवला. तिच्या हाताला लागू नये म्हणून दांडीला रबराची नळी चढवली. विजेचे वॉल्व्ह काढले. मग तिला फोन केला.

"वॉल्व्हवर माणूस पाहिजे," मी म्हणालो.

पलीकडं बाळ ताटलीवर चमचा आपटत होतं. ती म्हणाली, "ते रिमोटचं काय झालं?"

"काढलं. माणूसच लागतो. तू येतेस का?"

तिनं विचारलं, "ओरडाल?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण नाही बोललो. "ओरडीन," मी म्हणालो. "शंभर फूट पाईप हाय, त्याशिवाय ऐकू जायचं नाय. पण काय पाहिजे ते आधी सांगीन."

ती हसली का नुसता श्वास सोडला, ते ताटलीच्या आवाजात कळलं नाही. "बघू," म्हणाली. आमच्यात बघू म्हणजे काय, हे लग्न झालेल्या कुणालाही विचारा.

त्याला आता दोन महिने झाले. रोज फोन होतो, त्या बघूचं पुढं काय झालं ते मी विचारत नाही. परवा विहाराचा घुमट धुवायला घेतला. पांढरा घुमट पावसानं काळा पडला होता. शिडीवर चढायचं, औषध मारायचं, खाली उतरून दांडी फिरवायची, पुन्हा वर चढून पाणी. दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागले. कमिटीतले एक गृहस्थ सावलीत बसून हे पाहत होते. त्यांनी आधी माझा रिमोटचा खेळ पाहिलेला होता.

"रिमोट बिघडला का?" त्यांनी विचारलं.

"बिघडला," मी म्हणालो, आणि दांडी फिरवायला खाली उतरलो.