कवटीमामाचे मोर

आमच्या मामाला कोणतंही चित्र काढायला सांगा, त्यात कवटी यायचीच. आंबा काढला, तर आंब्यामागून कवटी डोकावायची. शेजारच्या बाळाच्या नामकरणाला पाळणा काढला, आणि पाळण्याखाली कवटी, शेजारी विझलेली मेणबत्ती! बल्लारपुरात तो चित्रकलेचा मास्तर होता, पण अख्खी वस्ती त्याला कवटीमामाच म्हणायची. टाक, दौत आणि काळी शाई, बस्स. रंगांचा त्याला भारी तिटकारा.

"मामा, काऊन काढता हे अभद्र?" असं कुणी विचारलं, की तो टाक शर्टालाच पुसायचा. "विहारात अनित्य अनित्य म्हणता, अन् घरी येऊन भेता? मी तं फक्त आठवण करून देऊन राह्यलो." त्याचे सगळे शर्ट खिशापाशी काळे असत.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या काळात माझं लग्न ठरलं. मुलगा माजरीच्या खाणीतला, मला मनापासून आवडलेला. लग्नपत्रिका अर्थात मामाच काढणार. आईनं बजावलं, "दादा, हाडूक दिसलं तं माह्याशी गाठ हाये!" मामानं शहाण्यासारखा पिंपळ काढला, खाली दोन मोर. पत्रिका छापून, वाटून झाल्या आणि मग आईला पिंपळाच्या मुळांत ती दिसली. दात विचकलेली, खाली दोन हाडं आडवी.

दोन दिवसांत सासरे हजर! खाणीत विजेच्या खोलीवर असते तीच खूण. "भाऊ," ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडं धोका असला का हे लावतेत. पोरीत काई धोका हाये का?"

मी दाराआडून ऐकत होते. मोडलं लग्न!

"हाये ना," मामा म्हणाला. "लई तापट हाये. आमी लपवलं नाई, छापून सांगतलं."

सासरे असे हसले की चहा नाकातून आला. लग्न झकास लागलं. सासरी मला आजही कुणी वाकडं बोलत नाही.

पुढे मामानं अंथरूण धरलं. एकदा टाक माझ्या हाती देऊन म्हणाला, "मी गेल्यावर माह्या पुण्यानुमोदनाची पत्रिका तू काढ, बेटा. पण कवटी नको."

"काऊन, मामा?"

"लोक भेतेत. मले ना बायको, ना लेकरू. कोनीच नाई आलं तं?" मग हळूच म्हणाला, "मोर काढ."

तो गेला. मी रडत रडत मोर काढले, ते कोंबड्यांसारखे झाले. तरी एटापल्लीपर्यंत विखुरलेल्या त्याच्या विद्यार्थ्यांनी मोर पाहिले, मजकूर वाचलाच नाही, आणि कवटीमामानं म्हातारपणी लग्न केलं असं समजून सगळे नवे कपडे घालून, आहेर घेऊन लोटले! मंडप पुरला नाही. फोटोपुढे एकजण नवाकोरा कुकर मांडीवर घेऊन हुंदके देत होता.

सासरे माझ्याशेजारी डोळे पुसत बसले होते. म्हणाले, "धोक्याची खूण आज पायजे होती, बेटा."