जात्यासमोरची जागा

आमच्या जिल्ह्याच्या संग्रहालयात प्लास्टरची एक बाई जात्यावर दळत बसलेली आहे. दुपारी तिथे फारसं कुणी नसतं, म्हणूनच मी जातो. काल एक म्हातारी तिच्यापुढे थबकली.

"एकटीलाच बसवलीय व्हय? जातं दोघींनी ओढायचं असतंय," असं पुटपुटत ती पुतळ्यापुढे आडव्या बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, फरशीवरच बसली. तिथून जात्याच्या खुंट्यापर्यंत हात पोचत नव्हता, तरी बसून राहिली. इतकी वर्षं येतोय मी, पण समोरची ती रिकामी जागा मला कधी दिसलीच नव्हती.

उठताना म्हातारी त्या पुतळ्याला म्हणाली, "येते गं बाई."

मी काल सकाळी घरातून निघालो, तेव्हा फक्त कुलूप ओढून पाहिलं होतं.