इया म्हणा, जावईबापू!

माझ्या बायकोच्या मामांइतका बोलका माणूस अख्ख्या सस्काटूनमध्ये नाही, आणि त्यांच्याशी बोलण्याइतकं अवघड काम अख्ख्या कॅनडात नाही. मामा खाणीतले इंजिनियर. निवृत्तीआधी कंपनीने त्यांना दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या सोन्याच्या खाणीवर धाडलं. तिथल्या जंगलात, नदीकाठी सरामाका लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणलं होतं. ते मळ्यांतून निसटले, रानात शिरले आणि इंग्रजी, पोर्तुगीज, आफ्रिकेतल्या भाषा अशा सगळ्यांतून त्यांनी स्वतःची एक भाषा घडवली. मामा गेले सोनं काढायला आणि येताना त्या लोकांची बोलायची पद्धत घेऊन आले. इथल्या मराठी मंडळाच्या सभेत भांडण पेटलं की ते गरजत, "त्यांनी जंगलात भाषा उभी केली, तुम्हाला एक मीटिंग उभी करता येईना!"

पद्धत अशी, की तिथल्या गावसभेत प्रमुखाशी थेट बोलायचं नाही. मध्ये एक माणूस बसतो. बोलणारा त्याला उद्देशून बोलतो आणि तो प्रत्येक वाक्याला "इया" म्हणतो, म्हणजे होय, ऐकतोय. वाक्य कुणी मध्येच तोडायचं नाही. मामी गेल्यापासून हे मधल्या माणसाचं पद माझ्याकडे होतं. जावई पडलो, सुटका कुठली! एकदा ऐन कडाक्याच्या थंडीत मामांचा घर तापवणारा फर्नेस बंद पडला. दुरुस्तीवाला दारात काकडत उभा, आणि मामा माझ्याकडे बघून सांगतायत, "जावईबापू, यांना सांगा, सकाळी एक खडखड ऐकू आली." मी म्हटलं, "इया." "मग ती थांबली." "इया." तो बिचारा सरळ पायऱ्या उतरून बेसमेंटमध्ये गेला. मामांच्या मते कॅनडात संस्कारी असा एकच, कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूवर गाडीतूनच ऑर्डर घेणारा बोलका डबा. आपण एकेक जिन्नस सांगावा, तो दर वेळी "ओके" म्हणतो, मध्ये तोंड घालत नाही. मामा त्याला तब्येतीचंही सांगत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवीत.

फक्त मुलाशी मामांचं जमेना. तो व्हँकुव्हरला. "बाबा, घर विका, इकडे या," एवढं त्याने म्हणायचं आणि मामांनी फोन आपटायचा. मागच्या हिवाळ्यात मामा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना घसरले, मनगट मोडलं, आणि मुलगा धावत आला. आल्या आल्या दोघांची जुंपली. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "सभा भरवा!"

बेसमेंटमध्ये मी मध्ये बसलो. मामा माझ्याकडे बघत म्हणाले, "याला सांगा, या घरात याची आई आहे."

"इया."

"तिकडच्या काँडोत मी कुणाशी बोलू?"

"इया."

मग मुलगा. त्याला मराठी कळते, बोलायला येत नाही. तोही माझ्याकडेच बघत होता. "टेल हिम, एव्हरी मॉर्निंग आय चेक द सस्काटून वेदर. बिफोर माय ओन."

"इया."

"आय मिस्ड आईज लास्ट कॉल. आय कान्ट मिस हिज."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"इया म्हणा, जावईबापू!" मामा ओरडले. "पोराचं वाक्य पडून राहिलंय!"

मी नुसतीच मान हलवली. तेव्हा मामा मुलाकडे वळले. सगळे नियम मोडून थेट त्याच्या डोळ्यांत बघत हळूच म्हणाले, "इया."

उन्हाळ्यात मामा घर विकून व्हँकुव्हरला गेले. आमच्या समोरच्या त्यांच्या घरात आता एक भलं जोडपं राहतं. ते नुसतं "हाय" म्हणतं. मला मामांची फार आठवण येते. रविवारी मी फोन करतो आणि आठवड्याभराचं सांगत सुटतो. प्रत्येक वाक्याला पलीकडून "इया" येतं, कधी बापाचं, कधी मुलाचं. फोन ठेवल्यावर घर फार गप्प वाटतं. मग मी गाडी काढतो आणि त्या डब्याकडे जाऊन कॉफी सांगतो, एकेक शब्द सावकाश.