घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने

आबा पेपर मागून वाचायचे. आधी निधनवार्तेचं पान, मग बाजारभाव, आणि पहिलं पान वेळ उरला तर. निधनवार्तेत आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या गावाचं नाव दिसलं, की खिशातली छोटी डायरी काढून ते नाव, गाव आणि वार लिहून घ्यायचे. आमच्या खानदेशात घरात कोणी गेलं की नातेवाईक आणि ओळखीचे लोक येऊन अंगणात बसतात. त्याला दारवर जाणं म्हणतात. आबा एकदा आमदार झाले आणि नंतर पडत राहिले, पण दारवर जाणं त्यांनी कधी चुकवलं नाही. तिथे ते मताचा विषय काढत नसत. कार्यकर्ता चुळबुळ करायला लागला तर त्याला एकच वाक्य ऐकायला मिळे, "मत ते दर पाच वरीसले मांगता येस. माणूस एकदावच मरस."

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं तेही असंच. माझे काका वारले होते. वडिलांचं नरडाण्याच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे. आमच्या घरी कोणी मोठा माणूस येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आबा एसटीने आले, फाट्यापासून चालत आले, सतरंजीवर एका कडेला बसले. लोक बोलत होते, ते ऐकत होते. अर्ध्या तासाने त्यांनी पाणी मागितलं. पाणी मी नेऊन दिलं. काय शिकतेस असं त्यांनी विचारलं. बारावी झाली, मी म्हणाले, आणि पुढचं मला सांगता येईना, कारण पुढचं काही ठरलेलंच नव्हतं. आबांनी वडिलांकडे पाहिलं आणि तिला धुळ्याला धाडा म्हणाले. आठ दिवसांनी धुळ्यातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी त्यांच्या हातची चिठ्ठी घेऊन एक माणूस आमच्या दुकानावर आला. मी कॉलेजात गेले ती त्या चिठ्ठीमुळे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

एसटीत पुढच्या एका बाकावर आमदारांसाठी राखीव असं लिहिलेलं असतं. आबांकडे माजी आमदाराचा पास होता, पण त्या बाकावर ते बसत नसत. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. वाहकाने त्यांना ओळखलं आणि तिथे बसलेल्या कॉलेजच्या मुलाला उठवायला लागला. मुलगा कानातले इअरफोन काढून "कोण आहेत हे?" असं विचारत होता. उद्धटपणे नाही, खरंच माहीत नव्हतं म्हणून. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ. त्या पाटीवर मनं नाव थोडंच शे." आणि मागे जाऊन दांडा धरून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

प्रत्येक पराभवाला त्यांच्याकडे एक कारण असायचं. पहिल्यांदा पक्षाने तिकीट कापलं आणि अपक्ष उभं राहावं लागलं, म्हणून. तिसऱ्यांदा विरोधकांनी त्यांच्याच नावाचा कुठला तरी माणूस शोधून उभा केला, म्हणून. दुसऱ्यांदाचं कारण ते सगळ्यात आवडीने सांगायचे. अपक्षाला दर वेळी नवं चिन्ह मिळतं. आधीच्या निवडणुकीत त्यांची कपबशी होती, त्या वर्षी पाटी मिळाली आणि कपबशी दुसऱ्याला गेली. मतदानाच्या दिवशी एका गावात शाळेतून बाहेर येणारी म्हातारी त्यांना बघून थांबली आणि मोठ्या प्रेमाने म्हणाली, "दिधं बरं आबा, मी मत दिधं. कपबशीलेच दिधं." बरोबरचे लोक हसले. आबांनी तिला काही समजावलं नाही. बरं केलं माय, एवढंच म्हणाले. ही गोष्ट सांगून झाली की ते थोडं थांबत आणि म्हणत, "तिना मनमा ते मीच व्हतू ना."

या वाक्यावर आबा जगत होते, असं मला आता वाटतं. त्यांचा हिशेब साधा होता. लोकांच्या मनात आपण आहोत, मधे काहीतरी आडवं येतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना विधानसभा आली. आबांनी सत्तरी ओलांडली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू होता. नाशिकला असलेल्या मुलाने फोनवर स्पष्ट सांगितलं की आता पुरे, लोक हसतात. अक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, मधे पडल्या आणि उभं राहू दे म्हणाल्या. मी रविवारी त्यांच्याकडे जायची. डोळ्यांमुळे त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून पत्रं मी लिहून द्यायची आणि अक्का मला त्यांच्या माहेरची, सावद्याची केळी पिशवीत भरून द्यायच्या. अशाच एका रविवारी मी धीर करून विचारलं, आबा, कशाला आता? ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमदारकी नको माले. माले पहानं शे, लोक आजूक वळखतस का." मग मलाच राहवेना. आपणही काहीतरी करावं असं वाटलं.

चिठ्ठ्यांची कल्पना माझी. दुसऱ्यांकडे गाड्या होत्या, ढाब्यावरची जेवणं होती, मोबाइलवर दिवसातून दहा वेळा येणारे व्हिडिओ होते. आबांकडे डायरी होती आणि एसटीचा पास. मी म्हटलं, आपण घरोघर नावानिशी चिठ्ठी पाठवू, खाली तुमची स्वतःची सही. आबांना हे फार आवडलं. फक्त एक त्यांनी बजावलं. चिठ्ठी घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने जायला हवी. बाप घरात असताना मुलाच्या नावाने चिठ्ठी गेली तर तो बापाचा अपमान. हे मलाही पटलं. आमच्याकडे लग्नाची पत्रिकासुद्धा अशीच जाते.

मी आबांची जास्त ये-जा असलेल्या तीसेक गावांची मतदारयादी घेतली आणि प्रत्येक घरातलं सगळ्यात जास्त वयाचं नाव निवडलं. महिनाभर कॉलेजच्या संगणकावर बसून नावं भरली. धुळ्यात ज्यांच्याकडे छापायला दिलं ते शेठ मारवाडी, तीन पिढ्यांचं दुकान, बोलायला गोड. नावं चाळताना त्यांनी मला विचारलं, बेटा, यातली सगळी माणसं आहेत ना? मी जरा ताठ्यानेच म्हणाले, सरकारी यादी आहे. सरकारी कागद चुकीचा असू शकतो, हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरात सरकारी कागद देवाजवळ ठेवतात.

पूर्वेकडच्या सात-आठ गावांच्या चिठ्ठ्या छापायच्या राहिल्या. बाकीच्या सगळ्यांवर आबांनी स्वतः सह्या केल्या. पंधरा दिवस लागले. मनगट सुजलं तेव्हा अक्कांनी हळद लावून फडकं बांधलं, त्यावरून ते सही करत राहिले. नावं त्यांना दिसत नव्हती. सहीची जागा मी बोटाने दाखवायची.

प्रचाराला दहा दिवस उरले असताना आम्ही तापीकाठच्या एका गावात होतो. पारावर पंधरा-वीस माणसं जमली होती. चाळिशीतला एक शेतकरी पुढे आला आणि त्याने चिठ्ठी आबांच्या हातात ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "आबा, मना बापना दारवर तुम्ही सोता उनथात. मन्या घरनं पानी पिधं. आते त्यालेच मत मांगतस?"

आबांनी चष्मा लावला, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि नाव वाचलं. मग डायरी काढली. त्यात ते नाव होतं. आम्ही बरोबरचे चार जण होतो, त्यातला एक माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. आबांनी त्याला हाताने थांबवलं आणि त्या माणसापुढे हात जोडले. परत येताना मी रडत होते. ते म्हणाले, "चूक तुनी नही, पोरी. सही मनी शे."

त्या संध्याकाळी मी यादी आणि डायरी समोरासमोर ठेवली. जास्तीत जास्त वयाचं नाव घ्यायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार होतं! लोक माणूस गेल्यावर नाव कमी करायचा अर्ज भरत नाहीत. ज्यांच्या दारवर आबा बसले होते त्यातल्या चाळीसेक माणसांना त्यांच्याच सहीची चिठ्ठी गेली होती, आपला लोभ असावा म्हणून. डायरीत नसलेली आणखी किती, कोण जाणे.

पुढचे दहा दिवस आबांनी प्रचार केला नाही. एकेका घरी जाऊन माफी मागितली. कार्यकर्ते वैतागले, दोघं सोडून गेले. काही घरांत चिठ्ठी उघडलीही नव्हती. एका घरी सुनेने दारातूनच सांगितलं की सासरे तिकडे वर मतदान करतील, तुम्ही तिकडेच जा. एका म्हातारीने मात्र चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण शेजारच्या पोराने नाव वाचून दाखवलं होतं. नवऱ्याचं नाव इतकं ठसठशीत छापलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. आबा तिथे बराच वेळ बसले. त्या घरी माफी मागायची की नाही, ते त्यांना कळेना.

आबा पडले. अनामत गेली. मोजणीच्या दिवशी मी धुळ्यात रस्त्याच्या कडेला उभी होते, गुलाल घेतलेल्या मुलांची मिरवणूक माझ्यासमोरून गेली. मग भेटेल त्याला आबा एकच सांगायचे, की चिठ्ठ्या नडल्या. कोणाच्या डोक्यातून निघाल्या ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. अक्का गल्लीतल्या बायकांना सांगायच्या, चिठ्ठ्यांचा घोळ झाला नसता तर या खेपेला आलेच होते. मी समोर असले की त्या आवाज बारीक करायच्या. ते मला जास्त लागायचं.

वर्षभर मी त्याच विचारात होते. तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्राच्या सरांनी आम्हाला बूथनिहाय मतं कशी वाचायची ते शिकवलं. कोणत्या गावात, कोणत्या खोलीत, कोणाला किती, सगळं मिळतं. मी आमच्या मतदारसंघाचा कागद काढला. ज्या गावांत चुकीच्या चिठ्ठ्या गेल्या त्यांच्यावर लाल खूण केली. ज्या गावांत माझ्या माहितीत चुकीची एकही गेली नव्हती त्यांच्यावर निळी. पूर्वेकडच्या, चिठ्ठ्याच न गेलेल्या गावांवर हिरवी. आणि आबांची मतं बघितली. लाल गावांत नऊ, अकरा, सात. निळ्या गावांत आठ, बारा, सहा. हिरव्या गावांत तसंच. मी तीनदा तपासलं. माझ्या चुकीने काहीच बिघडलं नव्हतं. बिघडण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं. दुसऱ्याच दिवशी मी तो कागद घेऊन आबांकडे गेले. आबांनाही बरं वाटेल असं मी स्वतःला सांगत होते, पण मुळात मला माझ्या मनावरचं उतरवायचं होतं.

दुपार होती. आबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी कागद त्यांच्या मांडीवर पसरला आणि रंगांचा अर्थ सांगितला. त्यांनी भिंग घेतलं आणि गावागावावरून बोट फिरवायला लागले. प्रत्येक गावाचं नाव ते पुटपुटत होते, त्यापुढचा आकडा नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळायला लागलं की मी काय घेऊन आले आहे. पण तोवर ते तापीकाठच्या गावांपर्यंत पोचले होते.

"नि ज्या घरसले मी हात जोडीसन उनू, ती गावं?"

मी बोट ठेवलं. तिथेही तेच होतं. चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवलेल्या म्हातारीच्या गावी पाच.

आबांनी भिंग खाली ठेवलं. मग, जसं एखाद्याला रस्ता सांगावा तसं, सहज म्हणाले, "हाई तू माले सांगाले नको व्हतं, पोरी."

आतून अक्का आल्या. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं की त्या एवढ्या रंगीत कागदात काय लिहिलंय. त्यांना वाचता येत नाही. आबांनी कागदाची घडी घातली, परत घडी घातली, आणि माझ्या हातात दिली.

"कॉलेजना कागद शे," ते म्हणाले. "पोरगी पास व्हयनी. पहिला नंबर."

अक्कांचा चेहरा उजळला. त्या लगबगीने आत गेल्या, डबा उघडल्याचा आवाज आला आणि मुठीत साखर घेऊन बाहेर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहून हात पुढे कर म्हणाल्या. आबा माझ्याकडे बघत होते. मी हात पुढे केला, आणि त्या दोघांच्या समोर ती साखर खाल्ली.