वीस साड्या, माझ्या हातानं

इकडं हिंदी मुलखात, पंडरीच्या कपडा मार्केटात, ठोक साड्यांच्या दुकानात, मी बावीस वर्षं गादीवर मांडी घालून साड्या दाखवल्या. गिऱ्हाईक आलं की पदर फेकायचा, अंगठा जिभेला लावून काठावर घासायचा, रंग अंगठ्यावर उतरला की साडी बाजूला. हेच माझं काम, आणि खोटं काहून बोलू, त्याचा मले माजही होता.

मागच्या वर्षी शेठच्या सुनेनं गादी उचलली. खुर्ची दिली, टेबल दिलं, टॅबलेट दिला. आता साड्या प्लास्टिकच्या बंद पन्नीत येतात, पन्नी फोडायची नाही. कोणाले काय द्यायचं ते स्क्रीनच सांगते, मी फक्त बोट लावतो. गुडघे दुखायचे थांबले. बायको म्हणे, "आता आराम झाला ना, मग तोंड पाडून काहून बसून राहिले?" जेवण गोड लागत नव्हतं, एवढं खरं.

धमतरीहून एक बाई येते, आपलीच, मराठी. नवरा गेल्यापासून पडवीत साड्या विकून घर चालवते. तिनं कधीच साडी निवडली नाही. "भाऊ, तुमच्या हातानं वीस काढा," म्हणायची आणि चहा पीत बसायची. दिवाळीआधी आली तेव्हाही तेच म्हणाली. पन्नीवरून माझ्या हाताले काय कप्पाळ कळणार? पण सांगायची लाज वाटली. स्क्रीननं दाखवल्या त्याच वीस मुकाट्यानं बांधून दिल्या. माल पडून राहिला तर ती काय खाईल, या विचारानं दिवाळीभर जीव टांगणीला लागला.

मग तिचा फोन आला. "भाऊ, एकही उरली नाही! तुमचा हात म्हणजे हातच." मी नुसतं हव हव करत राहिलो. खूश व्हावं की तोंड लपवावं, समजेचना.

शेवटी सुनेले खरं सांगून टाकलं. ती हसली. "काका, इसमें दुकान के सारे पुराने बिल डाले हैं. पसंद तो आपकी ही है."

घ्या! बावीस वर्षं मी काढून दिलेल्या साड्याच त्या बिलांत, त्यावरूनच मशीन सांगते. मग त्या वीस माझ्या का मशीनच्या? माझ्या असतील तर मले त्या माझ्या काहून वाटल्या नाही? आणि माझंच डोकं त्या डब्यात असेल, तर मी खुर्चीवर कशाले बसलो? डोक्याचं पार दही झालं.

लग्नसराईच्या तोंडावर बाई परत आली. या वेळी मी ठरवूनच होतो. सुनेले म्हणलं, आज पन्न्या फोडतो, रागावू नका. टॅबलेट उलटा ठेवला. पदर फेकला, अंगठा ओला केला. बाईनं हसून चहाचा कप उचलला.

पहिली साडी मोतिया, लाल काठाची. रंग पक्का होता. पण द्यावी का? बाजूला ठेवली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. ज्या हाताले बावीस वर्षं विचार करावा लागला नाही तो हात थांबला, आणि नजर त्या उलट्या टॅबलेटवर गेली.

बाईनं ते पाहिलं. "काय झालं भाऊ?"

"काही नाही ताई. आज तुम्हीच निवडा."

ती कप खाली ठेवून साड्यांपुढे सरकली, आणि तिनं अंगठा जिभेला लावला.