नळाचं फडकं

सेन्सर गाडीचा बदलला आणि दोष माझ्यात निघाला.

इंजिनात किती हवा शिरते ते मोजणारा तो सेन्सर. बोटाएवढा, पण नखरे जावयाचे. नवा बसवल्यावर गाडी काही दिवस शहाण्यासारखी वागली आणि मग पारोळ्याच्या अलीकडे पुन्हा गचके द्यायला लागली. एरंडोलहून धुळ्याला कॉलेजात शिकवायला मीच रोज ती नेते, त्यामुळे गुन्हेगार शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

मेकॅनिकने मशीन लावलं, ‘मिक्श्चर लीन’ असं वाचून दाखवलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, ताई क्लचवर पाय ठेवून चालवतात का? ताई शेजारीच उभ्या होत्या. मिक्श्चर लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी; भाकरीच्या पिठात पाणी कमी पडावं तसं. त्यात क्लचचा काय संबंध, हे मी विचारलं, तर तो हसला. फिल्टरचा डबा उघडून बघा म्हटलं, तर फिल्टर नवाच आहे म्हणाला. शेजारच्या भाऊंनी बायकांच्या ड्रायव्हिंगवर बराच वेळ मार्गदर्शन केलं. त्यांच्याकडे सायकल आहे.

घरी निकाल लागला: सोमवारपासून गाडी नवरा वापरणार आणि मी एसटीने जाणार. माझ्या काळजीपोटीच, असंही सांगण्यात आलं. किल्ली खुंटीवरून त्याच्या खिशात गेली. मला त्या किल्लीचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. रोजच्या त्या रस्त्यावर मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते, नुसती गाडी चालवणारी असते. ते जाणार होतं.

रविवारी चिडूनच मी बॉनेट उघडलं आणि फिल्टरचा डबा सोडवला. फिल्टरच्या पुढे, सेन्सरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर, पांढरं सुती फडकं सुतळीने घट्ट बांधलेलं होतं. गाठ ओळखीची होती. आमच्याकडे नळाला पाणी येण्याआधी फडकं येतं, आणि ते सासरेच बांधतात. हे फडकं त्यांच्याच जुन्या धोतराचं होतं. विरून त्याचे तंतू सुटले होते आणि आत सेन्सरच्या बारीक तारेवर जाऊन बसले होते. पांघरूण घेतलेल्या तारेला हवा कमीच भासणार. ती इंजिनाला तसं कळवणार आणि इंजिन पेट्रोलचा हात आखडता घेणार. क्लचची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

आबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसले होते. दर रविवारी गाडी पुसायचं काम त्यांचंच. मी फडकं त्यांच्यापुढे धरलं. मला राग आला होता आणि तो दिसतही असणार.

“हाई फडकं कोनी बांधं, असं इचारी ऱ्हायनी का?” ते शांतपणे म्हणाले. “मीच बांधं. रस्तानी बठ्ठी धूळ तुना नाकमा जास. रातले खोकस तू. नळले बांधतस, तसं बांधी दिधं.”

त्यांना वाटलं होतं, त्या डब्यातली हवा माझ्यापर्यंत येते.

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. माझा खोकला या घरात कुणी ऐकतं, हेही मला तेव्हाच कळलं. नवरा दारात उभा होता. त्याने खिशातून किल्ली काढून खुंटीला लावली आणि चहाचं काय झालं म्हणत आत गेला. माफी मागायची आमच्याकडची हीच पद्धत.

मी आबांना समजावलं, की ती हवा फक्त इंजिनाला जाते, माझ्याकडे येतच नाही. त्यांनी फडकं माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिलं.

“मंग तुना नाकनं काय?”

मी तार साफ करून डबा बंद केला.

सोमवारी सकाळी गाडीत बसले, तर स्टिअरिंगवर तेच फडकं होतं, धुऊन, घडी घालून. पारोळा मागे पडला तरी गाडीने एकही गचका दिला नाही. फडकं मी नाकाला बांधलं होतं.